मिठाला मूठ, गुळाला ढेप

नुकती कल्हई केलेला तांब्याचा टोप अंगणातल्या तीन दगडांवर चढला, की आमच्या गोव्यातल्या सुर्ल्याच्या घरात पावसाची बेगमी सुरू झाली असं समजायचं. वैशाख निम्मा सरलेला असायचा. लाकडं वळचणीला रचून झालेली, भिरंडं, म्हणजे कोकमं, फोडून सोलं उन्हात पडलेली, फणसाच्या साठांनी सुपं भरलेली. राहिलेली असायची ती तोरं. तोर म्हणजे कैरी, पण कैरी हा शब्द आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचला, घरात तोरच. देठासकट उतरवलेली, जमिनीवर न पडलेली, अंगाला डाग नसलेली तोरं आजी एकेक करून धुवायची, जुन्या धडप्यानं पुसायची आणि पाटावर मांडायची.

टोपातलं पाणी खदखदायला लागलं की ती मिठाकडे वळायची. जाडं, राखाडी झाक असलेलं गावठी मीठ. मूठ भरायची, टोपावर न्यायची, उघडायची. सात मुठी, आठ मुठी. आणि मग आम्ही ज्याची वाट बघत असू ते व्हायचं. खदखदणारं पाणी एकदम गप्प व्हायचं. खाली जाळ तोच, लाकडं तीच, तरी पुन्हा उकळी फुटायला वेळ लागायचा. आम्ही टोपात डोकावायचो. वर मीठ नाही, तळाला मीठ नाही.

"आजी, मीठ खंय गेलें?"

"गेलें न्हय रे. कामाक लागलें."

आमच्या पिढीतल्या सगळ्या पोरांनी हे वाक्य ऐकलं आहे. कुणी तोरांच्या वेळी, कुणी भिरंडांच्या वेळी, कुणी तापात पडलेलं असताना. मीठ कोणत्या कामाला लागतं हे आम्हाला बारावीच्या वर्गात कळलं. पाण्याचे कण सतत वर निसटून वाफ व्हायला बघत असतात. त्यांच्यात मिठाचे कण मिसळले की निसटणं जड जातं, आणि उकळायला जास्त ताप लागतो. किलोभर पाण्यात पाव किलो मीठ विरघळलं की ते पाणी १०० अंशांवर उकळत नाही, साधारण पाच अंश वर जावं लागतं. आणखी विरघळेनासं होईपर्यंत मीठ घातलं तर जवळजवळ १०९ अंशांपर्यंत. थोरली काकी म्हणायची, भाजीच्या पाण्यात आधी मीठ घातलं की पाणी जास्त तापतं, भाजी लवकर शिजते. ते मात्र खरं नव्हतं. लिटरभर पाण्यात चमचाभर मिठानं अंशाचा दहावा भागही नीट वाढत नाही. तोरांच्या टोपाची गोष्ट वेगळी. तिथे मुठी पडत होत्या.

पाणी पूर्ण निवल्याशिवाय बरणीत जायचं नाही. बरणी चिनी मातीची, खाली पांढरी, गळ्याला तपकिरी. आजी तिला भरणी म्हणायची. तळाला तोरं, वर तोरं, त्यांच्यावर नदीतला धुतलेला गुळगुळीत दगड, मग मिठाचं पाणी, मग फडक्याचा दादरा. दगडानं चेपलेली म्हणून चेपणीची तोरं. चार-पाच दिवसांनी फडकं सोडून बघितलं की दोन गोष्टी झालेल्या असायच्या. तोरांच्या अंगाला सुरकुत्या पडलेल्या असायच्या, आणि बरणीतलं पाणी वाढलेलं असायचं. बाहेरून थेंब घातलेला नाही, तरी दोन बोटं वर! आम्हाला वाटायचं दगड खाली बसला म्हणून. दगड होता तिथेच होता. तोरांच्या सालीतून पाणी बाहेर आलं होतं. साल पाण्याला सोडते, मिठाला सहजी आत घेत नाही. आणि जिकडे विरघळलेले कण जास्त तिकडे पाणी धावतं. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. आजी म्हणायची, तोरं रडली. तोरं रडली म्हणजे बरणीतलं पाणी पातळ झालं, म्हणजे मीठ उणं पडलं. म्हणून आठव्या दिवशी आणखी दोन मुठी. त्या दोन मुठी ज्या घरात विसरल्या जात, त्या घरातली तोरं श्रावणात मऊ पडत.

बुरशीचं आणि बाकी सूक्ष्म जिवांचंही तोरांसारखंच होतं. त्यांच्या अंगातलं पाणी मीठ बाहेर ओढतं, आणि पाण्याशिवाय त्यांचं काही चालत नाही. ना शीतकपाट, ना औषध. सात-आठ मुठी मीठ आणि आठवड्यानं पुन्हा दोन मुठी, एवढ्यावर तोरं पुढचा वैशाख बघायची.

हे मीठ यायचं पेडण्याकडून. मिठागरांचा आगरवाडा हे आमच्या लहानपणी ऐकलेलं पहिलं परगावचं नाव असेल. भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यात उथळ पसरायचं, उन्हावर सोडायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात जेमतेम ३५ ग्रॅम मीठ, त्यामुळे पाणी नऊ-दहा पटीनं आटल्याशिवाय खडा दिसत नाही. आणि आटतं तसं ते आटेनासं होतं, कारण खारटपणा वाढला की वाफ होणंही मंदावतं. शेवटचे दिवस सर्वांत लांबतात. मागे उरलेलं कडू पाणी काढून टाकायचं, नाहीतर मीठ कडसर होतं. या मिठावरून राज्यं भांडली. १८७८ साली पोर्तुगीज आणि इंग्रज सरकारांत करार झाला आणि गोव्याच्या मिठागरांचा कारभार इंग्रजांच्या हातात गेला. १८९२ साली तो करार संपला. तेरेखोलपलीकडच्या शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तो याच किनाऱ्यावरच्या मिठासाठी.

आमच्या घरात एक बोल होता, "मिठाला मूठ, गुळाला ढेप." तोरांना मीठ मुठीनं घालायचं, गुळांबा करायचा तर जेवढा कीस त्याहून जास्त गूळ, अख्खी ढेप फोडायची. असं का, हे कुणी विचारलं नाही. करणाऱ्या बायांना गूळ कमी घातला की गुळांबा फसफसतो हे ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं. कारण शोधलं ते युरोपातल्या माणसांनी, १८८० च्या दशकात. फ्रान्समधल्या फ्रान्स्वा राउल्टनं नाना पदार्थ विरघळवून पाणी कधी गोठतं हे मोजलं. हॉलंडच्या याकोबस व्हांट हॉफनं त्यामागचा हिशेब मांडला. १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल दिलं गेलं ते त्याला, आणि त्यात या परासरणाच्या दाबाचं काम होतं. हिशेब असा निघाला, की काय विरघळलं याला महत्त्व नाही. किती कण विरघळले, एवढंच मोजायचं. गोड असो, खारट असो, पाणी फक्त डोकी मोजतं.

आता मिठाचा कण साखरेच्या कणापेक्षा पुष्कळ हलका. शिवाय मीठ पाण्यात गेलं की एकाचे दोन होतात, सोडियम वेगळा आणि क्लोराइड वेगळा. साखर मात्र अख्खीच राहते. दोन्ही धरून, सारख्या वजनाचं मीठ साखरेच्या सुमारे बारा पट कण पाण्यात सोडतं. गूळही साखरेच्याच गोतातला. म्हणून मिठाला मूठ, गुळाला ढेप. हे गणित मांडून झालं त्या दिवशी आम्हा भावंडांना आजीच्या हाताची मूठ डोळ्यांसमोर दिसली, बोटांच्या फटींतून सांडणारे चार खडे धरून.

सुर्ल्यात तार हा शब्द दोन ठिकाणी ऐकू यायचा. नदीवरची तार म्हणजे होडीतून पलीकडे जायची जागा, आणि चुलीवरची तार म्हणजे पाकाची. गणेशचवथीच्या आधी आठ दिवस घरात पाकाची तार चाले. थोरली काकी दवल्यानं थेंब उचलायची, फुंकर घालायची, अंगठा आणि तर्जनी मिटून उघडायची. तार तुटली, अजून नाही. एक तार आली, उतरव. पाणी उडून जातं, गोडी दाटते, आणि दाटली तसा उकळायचा अंश वर चढतो. एकतारी पाक शंभरीच्या थोडाच पुढे असतो. गोळीबंद पाक ११२ ते ११६ अंशांवर. काकीची दोन बोटं हाच आमचा तापमापक होता. खाजं करणाऱ्यांची बोटं तर त्याहून पटाईत. जत्रेत रंगीत कागदाच्या पुडीत मिळणारं ते आल्याचं, तिळाचं खाजं. पाक कच्चा राहिला तर चिकट, पुढे गेला तर दगड.

एका चवथीला आत्याच्या मनगटावर पाकाचा थेंब उडाला. चण्याएवढा. उकळत्या पाण्यानं आम्ही सगळेच कधी ना कधी भाजलो होतो, पण हे भाजणं निराळं होतं. पाणी ओघळून जातं, पाक चिकटून बसतो, आणि पाण्यापेक्षा दहा-बारा अंश जास्त तापलेला असतो. आत्यानं हात गार पाण्यात बुडवला. थेंब थिजला आणि सालपटासकट निघाला. ती पांढरी खूण तिच्या मनगटावर कायम राहिली. बांगड्या सारून ती आम्हाला दाखवायची आणि म्हणायची, पाकाजवळ धावायचं नाही.

मग पाऊस. पावसात आमच्या घरातलं मीठ रडायला लागायचं. मडकं चुलीजवळच्या फळीवर, खाली बारीक भोक, भोकाखाली नारळाची करटी. रात्रभर टप टप. सकाळी करटीत दाट खारं पाणी. हवेत ओल शंभरात पंचाहत्तरच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, कारण मिठानं तुडुंब भरलेलं पाणी वाफ सोडतं ती साध्या पाण्याच्या पाऊणपटच. आमच्या आषाढात पंचाहत्तर म्हणजे कोरडा दिवस म्हणायचा. करटीतलं ते पाणी कुणी फेकत नसे. आमटीत जाई, गुरांच्या आंबोणात जाई. विरघळलेलं मीठही मीठच होतं, कामाला लागलेलं.

त्याच दिवसांत लावणीला जाणाऱ्या बाया कनवटीला मिठाची पुरचुंडी बांधायच्या. जळू पायाला लागली की ओढायची नाही, चिमूट टाकायची. जळवेच्या अंगातलं पाणी त्या चिमटीकडे धावतं आणि ती आक्रसून गळून पडते. पोरं उगाच गोगलगायींवर मीठ टाकत आणि आजीच्या हातचा मार खात. कामाशिवाय मीठ टाकायचं नाही, जिवावर तर नाहीच. आणि नदीकाठच्या खाजनात कधी बांध फुटला, भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं, की बाकीचं भात पाण्यात उभं असूनही तहानल्यासारखं माना टाके. पाणी पायाशी, पण मुळांना ओढून घेता येत नाही, उलट मुळांतलंच बाहेर जाऊ बघतं. कोरगूट तेवढं उभं राही. खाऱ्या पाण्याशी भांडून जगणारं आमचं जुनं बियाणं ते.

पाण्यात मिसळणं आणि पाण्यात विरघळणं यांतला फरक सुर्ल्याच्या पोरांना पुस्तकाआधी कळला, तो लोखंडाच्या खाणींमुळे. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर डोंगरावरून लाल पाणी उतरायचं. ओहोळ लाल, पाट लाल, कपडे धुतले तर कपडे लाल. घागरीत तुरटीचा खडा फिरवला आणि रात्रभर ठेवलं, की सकाळी लाल गाळ तळाशी आणि वर निवळ. गाळ बसतो. मीठ कितीही रात्री ठेवा, बसत नाही. निवळीसारखं स्वच्छ दिसणारं पाणी तोंडात घातल्याशिवाय खारं की गोडं सांगता येत नाही. शेतांत शिरलेल्या त्या लाल गाळाचं दुःख मोठं आहे, त्यावर निराळं लिहायला हवं. २०१२ साली खाणी थांबल्या, तेव्हा बाकी काय थांबलं तेही.

पण खाणीवरून दुपारी परतणारी माणसं डोळ्यांपुढून जात नाहीत. लाल धुळीनं माखलेला सदरा, आणि पाठीवर त्या लालावर उमटलेला घामाचा पांढरा नकाशा. घाम वाळला, मीठ मागे राहिलं. घरी येताच त्यांच्यापुढे पेज यायची. उकड्या तांदळाची, निवळीसकट, आणि काठाला चेपणीच्या तोराची फोड. तोर चावायचं, पेजेचा घोट घ्यायचा. तोर चावायचं, घोट घ्यायचा. गेलेलं मीठ आणि गेलेलं पाणी एकाच वाडग्यातून परत. नुसतं पाणी ढोसलं तर पोट डबडबतं, पण गेलेलं मीठ परत येत नाही, हे उन्हात राबणाऱ्या कुणालाही विचारावं.

जुलाब-वांतीच्या साथीत हीच पेज पातळ होऊन पोरांच्या ओठांना लागे. पुढे दवाखान्याच्या भिंतीवर चित्र आलं, उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखरेच्या सोबतीनं मीठ आतड्यातून रक्तात जातं आणि मिठामागून पाणी जातं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असं पाणी ड्रमांतून पाजायला सुरुवात केली. शंभरात तीस जात होते ते चारांच्याही खाली आले. मीठ सपाट अर्धा चमचाच, हे काकी दर वेळी बजावायची. जास्त झालं तर तेच मीठ आतड्यात पाणी उलट ओढून आणतं. तोरांना जे हवं तेच लेकराला घातक. लिटरला नऊ ग्रॅम मीठ हे सलाइनच्या बाटलीचं माप, कारण रक्ताचा खारेपणा तेवढा; साधं पाणी थेट शिरेत गेलं तर रक्तातल्या पेशी पाण्यातल्या किसमिसीसारख्या फुगतील आणि फुटतील.

आता थोडं गार. सुर्ल्यात बर्फ पडत नाही, पडणारही नाही. पण काकाच्या लग्नात डिचोलीहून बर्फाची लादी आली, गोणपाटात, लाकडाच्या भुशात. लाकडी बादली, मधोमध दुधाचा पत्र्याचा डबा, वर फिरवायची मूठ. भोवती बर्फ ठेचून भरला आणि मांडवातल्या कुणीतरी त्यावर जाड्या मिठाच्या ओंजळी ओतल्या. पोरांनी एकच कालवा केला, आयस्क्रीम खारट होणार! मीठ डब्याच्या बाहेरच राहिलं. मिठाचं पाणी शून्य अंशाला गोठत नाही. बर्फ वितळतो, वितळायला लागणारी ऊब आजूबाजूनं ओरबाडून घेतो, आणि त्या लगद्याचा अंश शून्याच्या पंधरा-वीस खाली उतरू शकतो. दुधातलं पाणी साखरेमुळे शून्याला गोठेना, म्हणून नुसता बर्फ पुरला नसता. मिठानं त्याच्यावर मात केली. आळीपाळीनं मूठ फिरवली, हाताला फोड आले, बादलीबाहेर पांढरा दहिवर जमला. चाखताना प्रत्येकानं आधी जिभेचं टोक लावून बघितलं.

शीतकपाट आल्यावर आम्ही त्यात काय काय ठेवून पाहिलं! पाण्याची वाटी दगड झाली, भिरंडाचं आगळ मात्र तसंच वाहतं राहिलं. त्यात मीठ मुरलेलं. आणि शाळेबाहेरची ती रंगीत बर्फाची कांडी. कोपरा दातानं तोडून चोखलं की आधी रंग यायचा, गोडी यायची, आणि हातात उरायचा तो पांढरा, फिका, बेचव बर्फ. विकणाऱ्यानं फसवलं असं वाटायचं. फसवलेलं नव्हतं. पाणी गोठताना एकटंच गोठतं, साखरेला बाजूला सारतं, आणि ती दाट गोडी बर्फाच्या फटींतून आधी आमच्या तोंडात येते.

आजी गेली. टोपाला कल्हई करणारा येईनासा झाला, टोप माळ्यावर गेला. चिनी मातीची बरणी मात्र फिरते आहे. यंदा ती पर्वरीला धाकट्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये आहे. वैशाखात तिनं थोरल्या काकीला फोन लावला. काकीला आता ऐकू कमी येतं, सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही.

"काकी, मीठ कितलें घालूं गो?"

"मुठीन."

"म्हजी मूठ ल्हान आसा."

काकी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, बरणीवर पाण्याची खूण करून ठेव, आणि आठव्या दिवशी मला सांग तोरं किती रडली.

बहिणीनं बरणीच्या गळ्याखाली पेनानं रेघ मारली. आठव्या दिवशी फडकं सोडलं, बोट लावून पाहिलं. दोन बोटं वर. तिनं डबा उघडला, मूठ भरली, टाकली. मग दुसरी.